पहिला धातूचा जॉब: छोट्या सीएनसी मिलिंगवर अ‍ॅल्युमिनियमची मोटर प्लेट

लाकूड, एमडीएफ, अ‍ॅक्रिलिकवर हात बसला की पुढची ओढ धातूची असते, आणि पहिल्याच दिवशी कटर मोडतात. बहुतेक वेळा कारण एकच असतं: धातू आहे म्हणून घाबरून फीड (कटर मालात पुढे सरकण्याचा वेग) कमी केलेला असतो. छोट्या मशीनवर धातू कापताना जपायचं ते एका फेरीत किती खोल कापायचं त्यात, फीडमध्ये नाही. हे सूत्र हातात बसावं म्हणून सगळा लेख एकाच जॉबभोवती ठेवला आहे.

जॉब आहे नेमा १७ स्टेपर मोटर बसवायची प्लेट. ६४ × ६४ मिमी, जाडी ६ मिमी. मधोमध २२.२ मिमीचं भोक. त्याभोवती ३१ मिमीच्या चौकोनावर ३.४ मिमीची चार भोकं, एम३ स्क्रूसाठी. चार कोपऱ्यांत ५० मिमीच्या चौकोनावर ५.५ मिमीची चार भोकं, एम५ बोल्टसाठी. पहिल्या जॉबला ही प्लेट चांगली, कारण नेमा १७ ची मापं ठरलेली आहेत: तोंडावरचा गोल उठाव २२ मिमी, स्क्रू ३१ मिमी अंतरावर. त्यामुळे मोटर हाच तुमचा गेज. चारही स्क्रू बोटांनी आत गेले तर जॉब बरोबर आला.

माल कोणता आणि कुठून

अ‍ॅल्युमिनियम म्हणजे एक धातू नव्हे. खिडक्यांच्या स्लायडिंगचे सेक्शन बहुधा ६०६३ चे असतात, ते कटरला चिकटतात. ज्याला बाजारात नुसतं ‘कमर्शियल’ म्हणतात तो जवळजवळ शुद्ध, मऊ माल असतो. तो त्याहून वाईट: कापला जाण्याऐवजी लोण्यासारखा फासला जातो. नवशिक्याने भंगारातला अनोळखी तुकडा घेऊन सुरुवात करू नये. चार पैसे वाचतात आणि दोन कटर जातात.

मागायचं ते ६०६१ किंवा ६०८२, आणि टेंपर (धातूला दिलेल्या कडकपणाची अवस्था) टी६. आपल्याकडचे जुने व्यापारी ६०८२ ला एचई ३० आणि ६०६१ ला एचई २० म्हणतात. मुंबईत गुलालवाडी-कीका स्ट्रीटच्या बाजारात हा माल मिळतो. ‘शेठ, एचई ३०, सहा एमएम, टी६, कटपीस आहे का?’ असं विचारलं की पूर्ण शीट गळ्यात मारण्याऐवजी उरलेले तुकडे दाखवतात. माल किलोवर विकला जातो, म्हणून वजनाचा अंदाज घरूनच काढून जा. अ‍ॅल्युमिनियमची घनता २.७. आपल्याला ११० × ११० × ६ मिमी तुकडा हवा, म्हणजे ७२.६ घन सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १९६ ग्रॅम. तीन-चार तुकडे घ्या. शंका आली तर कडेला कानस मारून बघा. चांगला टी६ माल कानशीतून सुटा भुगा देतो, मऊ माल कानशीचे दात भरून टाकतो.

कटर, कोलेट (स्पिंडलमध्ये कटर धरणारी चिमटी), व्हर्नियर, डायल (बारीक सरकणं दाखवणारं काट्याचं मापयंत्र) यांसाठी नागदेवी स्ट्रीट. मशीद बंदर स्टेशनवरून चालत पोहोचता. रविवारी बाजार बंद असतो. शील्डेड केबल, फेराइट रिंग, कनेक्टर यांसाठी लॅमिंग्टन रोड.

कटर

घ्यायचा तो ४ मिमीचा, एकाच फ्लूटचा (कापणारा दात आणि त्यापुढची खाच) कार्बाइड एंडमिल, शँकही (कोलेटमध्ये धरायचा दांडा) ४ मिमी, पॉलिश केलेला, कोटिंग नसलेला. यातली प्रत्येक गोष्ट कारणाने आहे.

कार्बाइड, कारण छोट्या स्पिंडलचे (कटर फिरवणाऱ्या मोटरचे) आरपीएम जास्त असतात आणि एचएसएस (हाय-स्पीड स्टील) त्या वेगाला लवकर बोथट होतं. एक फ्लूट, कारण चिप (कापून निघालेला धातूचा कण) बाहेर पडायला मोकळी जागा मिळते, आणि आरपीएम फार कमी न करता प्रत्येक दात पुरेसा जाड घास घेतो. शिवाय स्वस्त कोलेटमध्ये कटर थोडा डगमगतोच. दोन फ्लूटच्या कटरमध्ये मग एकच दात सगळं काम करतो आणि दुसरा नुसता घासत राहतो. एका फ्लूटला ती अडचण नाही. चार फ्लूटचा कटर अ‍ॅल्युमिनियमसाठी घेऊच नका, पहिल्याच खाचेत गच्च भरतो. कोटिंगमध्ये जांभळट-काळा टीआयएएलएन टाळा. त्या कोटिंगमध्येच अ‍ॅल्युमिनियम असतं आणि जॉबचं अ‍ॅल्युमिनियम त्याला सहज चिकटतं.

३ मिमीऐवजी ४ मिमी का? कटरचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातावर आणि बाहेर काढलेल्या लांबीच्या तिसऱ्या घातावर ठरतो. ३ वरून ४ मिमीवर गेलात की ताठपणा तिपटीहून जास्त वाढतो. लांबी दुप्पट काढलीत तर आठवा हिस्सा उरतो. म्हणून कटर कोलेटमधून लागेल तेवढाच बाहेर काढायचा. या जॉबला १२ मिमी. हा आकडा कसा आला ते पुढे येईलच.

याशिवाय ९० अंशांचा एक कार्बाइड व्ही-बिट, भोकांच्या खुणा करायला. ३० अंशांचा घेऊ नका, त्याचं टोक धातूत लगेच उडतं.

कोलेट बसवताना आधी तो नटमध्ये ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबून अडकवा, मग कटर घाला, मग नट स्पिंडलवर चढवा. सुटा कोलेट स्पिंडलमध्ये टाकून वरून नट आवळला तर तो तिरका बसतो. पकड फक्त गुळगुळीत शँकवर यावी, फ्लूटवर कधीही नाही.

मशीन तयार आहे का

अ‍ॅल्युमिनियम एक्स्ट्रुजनची गॅन्ट्री (स्पिंडल वाहणारी कमान), ५०० वॉट ते १.५ किलोवॉट स्पिंडल, ईआर११ कोलेट, जीआरबीएल (मशीन चालवणारं फुकट सॉफ्टवेअर) कंट्रोलर: असं मशीन धरून पुढचे आकडे दिले आहेत. ३०१८ जातीच्या हलक्या मशीनवरही ही प्लेट निघते, फक्त त्याचे आकडे वेगळे आहेत, तेही देतो.

सुरू करण्याआधी चार गोष्टी तपासा.

१. प्ले (दिशा बदलताना जाणवणारी ढिलाई): एक्सच्या बाजूला डायल लावा, ०.१ मिमी पुढे जा, ०.१ मिमी मागे या. काटा जिथे होता तिथे परत यायला हवा. जेवढा कमी येतो तेवढा प्ले. ०.०५ मिमीपर्यंत पहिल्या जॉबला चालतं. जास्त असेल तर आधी नट, कपलिंग आणि बेअरिंगचे स्क्रू आवळा.

२. स्पिंडलचा काटकोन: स्पिंडलला डायल बांधून हाताने गोल फिरवा. १०० मिमीच्या फेरीत ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक नको. स्पिंडल तिरका असेल तर सपाटीवर प्रत्येक फेरीची पायरी बोटाला लागते.

३. एक्स-वायचा काटकोन: एमडीएफवर २०० मिमी चौकोनाचे चार ठिपके मारा आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे नसतील तर गॅन्ट्री तिरकी आहे.

४. अर्थिंग: जुन्या इमारतींमध्ये तीन पिनांचं सॉकेट असतं, पण त्याला अर्थची तार खरंच जोडलेली असेलच असं नाही. वायरमनकडून तपासून घ्या. व्हीएफडी (स्पिंडलचा वेग ठरवणारा ड्राइव्ह) चालू होताच आरसीसीबी (वीजगळती झाली की पडणारा स्विच) पडत असेल तर अर्थ काढून टाकणं हा उपाय नव्हे, ते जिवावर बेतेल. स्पिंडलची केबल शील्डेड हवी आणि शील्ड अर्थला जोडलेली हवी. अर्ध्या जॉबात यूएसबी तुटण्याचं सर्वांत नेहमीचं कारण हाच विद्युत गोंगाट असतो.

कंट्रोलरच्या डब्याचा पंखा धातूची चिप आत ओढतो आणि बोर्ड शॉर्ट होतो. लाकडाच्या भुश्याने हे होत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. डबा मशीनपासून लांब ठेवा किंवा हवेच्या भोकांना बारीक जाळी लावा.

आकडे

सूत्र सोपं आहे: फीड = आरपीएम × फ्लूट × चिपची जाडी.

४ मिमी, एक फ्लूट, १२,००० आरपीएम, चिप ०.०४ मिमी: १२,००० × १ × ०.०४ = मिनिटाला ४८० मिमी. कटरच्या कडेचा वेग होतो मिनिटाला सुमारे १५० मीटर, कार्बाइडला अ‍ॅल्युमिनियममध्ये अगदी आरामाचा. खोली दर फेरीला ०.३ मिमी.

३०१८ वर: १०,००० आरपीएम, चिप ०.०२५, म्हणजे फीड २५०. खोली ०.१ मिमी. वेळ जास्त जाईल, जाऊ द्या.

आता मुद्द्याचं. ४८० ऐकून छाती दडपते आणि हात १०० टाइप करतो. १०० वर प्रत्येक दाताच्या वाट्याला ०.००८ मिमी येतं. कटरची धार कितीही तीक्ष्ण दिसली तरी तिच्या टोकाला काही मायक्रॉनची गोलाई असतेच. चिप त्या गोलाईच्या आसपास पातळ झाली की धार धातूत शिरत नाही, त्यावर घासते. घासण्याने उष्णता होते आणि ती घेऊन जायला जाड चिप नसते. गरम अ‍ॅल्युमिनियम धारेवर चिकटतं, फ्लूट भरतं, आणि भरलेला कटर म्हणजे एक फिरती सळई. पुढच्या सेकंदाला तो मोडतो. कटर ‘जोर पडून’ मोडला असं वाटतं, प्रत्यक्षात तो उपाशी राहून मोडला.

म्हणून मशीन कण्हायला लागलं तर फीडला हात लावू नका. खोली ०.३ वरून ०.२ करा. तेही जमेना तर आरपीएम आणि फीड दोन्ही एकाच प्रमाणात कमी करा, म्हणजे चिपची जाडी तीच राहते. जीआरबीएलच्या फीड ओव्हरराइडचं (चालू जॉबात फीड कमी-जास्त करणारं) बटण हाताशी असतं आणि घाबरलं की बोट तिकडेच जातं. ते ८० टक्क्यांच्या खाली नेऊ नका.

ताकदीची चिंता तर सोडूनच द्या. ४ मिमी रुंद, ०.३ मिमी खोल, ४८० फीड म्हणजे मिनिटाला ५७६ घन मिलिमीटर माल. तेवढं कापायला कटरच्या टोकाला वीसेक वॉटही लागत नाहीत. अडतं ते मशीनच्या लवचिकपणावर, स्पिंडलच्या वॉटवर नाही.

पकड

खाली १८ मिमी एमडीएफचा बळी-बोर्ड, म्हणजे कटर शिरला तरी चालेल असा बोर्ड. तो टेबलाला पक्का बोल्ट करून त्याच मशीनवर मोठ्या कटरने एकदा सपाट करून घ्या. मग पॉलिश किंवा वॉर्निशचा पातळ हात मारा, कडांनाही. मुंबईच्या पावसात उघडा एमडीएफ हवेतलं पाणी पिऊन फुगतो. मे महिन्यात सपाट केलेला बोर्ड जुलैत सपाट राहिलेला नसतो. पावसाळ्यात प्रत्येक जॉबआधी ०.२ मिमीची एक फेरी मारून घ्यावी.

तुकड्याच्या खालची प्लास्टिक फिल्म आणि करवतीची बर (कडेला उरलेली खरखरीत कोर) काढा. बर राहिली तर प्लेट एका कोपऱ्यावर उचललेली राहते. चार कडांना चार क्लॅम्प, प्रत्येकाने कडेची ६ मिमीच पकडावी. ११० मिमी तुकडा घ्यायला सांगितला तो यासाठीच: ईआर११ चा नट १९ मिमी व्यासाचा असतो, आणि कटर बाहेरची कड कापत असताना नट प्लेटच्या कडेपासून साडेबारा मिमी बाहेरपर्यंत फिरतो. तुकडा लहान घेतलात तर नट क्लॅम्पवर आदळतो.

आता या जॉबमधली सर्वांत उपयोगी युक्ती. पहिल्या टप्प्यात फक्त आतली भोकं करा. मग क्लॅम्प न काढता, कोपऱ्यांच्या ५.५ मिमी भोकांतून एमडीएफमध्ये ३ मिमीचं पायलट भोक पाडून १० नंबरचे पाऊण इंची पॅन हेड स्क्रू आवळा. त्यानंतर बाहेरची कड कापा. चौकट क्लॅम्पने धरलेली, प्लेट स्क्रूंनी धरलेली. टॅब (प्लेट चौकटीला धरून ठेवणारे न कापलेले तुकडे) ठेवायची गरज नाही आणि शेवटच्या फेरीत प्लेट सुटून कटरवर येण्याची भीती नाही.

आणि कटर १२ मिमी बाहेर का, तर त्याचं उत्तर इथे आहे. शेवटच्या फेरीत कटरचं टोक प्लेटच्या वरच्या पृष्ठापासून ६.२ मिमी खाली असतं, स्क्रूचं डोकं साधारण ३.५ मिमी वर. बेरीज ९.७. त्याच्या वर दोन मिमी मोकळीक. यापेक्षा कमी काढलात तर नट स्क्रूच्या डोक्याला लागेल, जास्त काढलात तर कटर फुकट लवेल.

कॅम

कॅम म्हणजे ड्रॉइंगवरून कटरचा मार्ग, म्हणजे टूलपाथ, आखणारं सॉफ्टवेअर. फ्युजनचा वैयक्तिक वापराचा परवाना किंवा फ्रीकॅड, दोन्हींत हे काम होतं. फ्युजनच्या फुकट परवान्यात मशीन मोकळ्या हालचालीही फीडच्या वेगाने करतं, त्यामुळे वेळ थोडा वाढतो, इतकंच. पोस्ट प्रोसेसर (टूलपाथ मशीनच्या भाषेत लिहिणारा भाग) जीआरबीएलचा निवडा. जीआरबीएलला जी८३ सारखी ड्रिलिंग सायकल कळत नाही, ती फाइलमध्ये आली तर एरर देऊन थांबतं.

एक्स-वायचं शून्य प्लेटच्या मध्यावर ठेवा, म्हणजे मोठ्या भोकाच्या केंद्रावर. तुकड्याचा मध्य पट्टीने काढला तरी पुरे. एक-दोन मिमी इकडेतिकडे चालतं, कारण सगळी भोकं आणि कड एकाच बांधणीत निघतात. एज फाइंडर लागत नाही. झेडचं शून्य मात्र बळी-बोर्डाच्या पृष्ठावर घ्या, प्लेटच्या वर नाही. प्लेट ६ मिमी म्हणून घेतली तरी ती तंतोतंत ६ नसते. व्हर्नियरने मोजा आणि तीच जाडी कॅममध्ये भरा. शेवटची खोली उणे ०.२ मिमी, म्हणजे कटर एमडीएफमध्ये निसटता शिरतो.

टूलपाथ या क्रमाने:

१. खुणा. व्ही-बिटने एम३ च्या चार जागी ०.८ मिमी खोल ठिपका. खाली जायचा वेग ६०. ३.४ मिमीची भोकं मशीनवर पाडायची नाहीत. एचएसएस ड्रिलला ७,००० च्या आसपास आरपीएम हवेत आणि बहुतेक छोट्या स्पिंडलना त्या वेगाला जोर नसतो. ठिपका मशीनचा आणि भोक टेबल ड्रिलवर, हे पहिल्यांदा बरं.

२. कोपऱ्यांची ५.५ मिमी भोकं. ४ मिमी कटरने हेलिक्स करत, म्हणजे गोल फिरत खाली उतरत, दर वेढ्याला ०.३ मिमी खाली. इथे फीड खरोखर कमी करायचा, पण कारण वेगळं आहे. कटरचा मध्य १.५ मिमीच्या वर्तुळावर फिरतो आणि धार ५.५ मिमीच्या वर्तुळावर. मध्याला ४८० दिलात तर धारेवर १,७६० होतात. म्हणून ४८० × १.५ ÷ ५.५, म्हणजे सुमारे १३०. चिपची जाडी त्यामुळे ठरवलेलीच राहते.

३. मधलं २२.२ मिमी. याचं पॉकेट करा, म्हणजे आतला सगळा माल काढा, नुसती कड कापू नका. कड कापली तर शेवटच्या फेरीत १४ मिमीची सुटी चकती उरते. ती कटर आणि भिंत यांच्यामध्ये अडकते आणि कटर घेऊन जाते. सगळा माल चिप करून काढायला दहाएक मिनिटं जास्त लागतात. पाऊल (शेजारच्या दोन फेऱ्यांतलं अंतर) १.६ मिमी, खोली ०.३, आत शिरताना २-३ अंशांचा उतार. सरळ खाली भोसकायचं नाही. भिंतीवर ०.२ मिमी माल ठेवून शेवटी १ मिमी खोलीच्या फिनिश फेऱ्या. बाजूने एवढा कमी माल असला की चिप आपोआप निम्म्याहून पातळ होते, त्यामुळे फिनिशिंगलाही हात आखडता घेऊ नका, कटरच्या मध्याला ३९० फीड ठेवा, भोकाच्या भिंतीवर धारेला ते ४८० च्या आसपासच पडतात.

४. बाहेरची कड. ४ मिमी कटरला ५ मिमी रुंद खाच द्या, म्हणजे १ मिमी बाहेरून दुसरी फेरी. ४ मिमीच्या अरुंद खाचेत तीन-चार मिमी खोल गेल्यावर चिप बाहेर येत नाही, तीच परत परत कापली जाते. एका फेरीत सुमारे २७० मिमी, ०.३ च्या एकवीस फेऱ्या, म्हणजे एका रेषेला बारा मिनिटं, दोन्ही मिळून पंचवीसेक.

दिशा: बॉलस्क्रू असेल आणि प्ले नसेल तर क्लाइंब, म्हणजे बाहेरची कड घड्याळाच्या दिशेने आणि आतलं भोक उलट, पृष्ठ स्वच्छ येतं. साधा लीडस्क्रू आणि थोडा प्ले असेल तर कन्व्हेन्शनल, म्हणजे बाहेरची कड घड्याळाच्या उलट आणि आतलं भोक घड्याळाच्या दिशेने. क्लाइंबमध्ये कटर जॉबला स्वतःकडे ओढतो आणि प्ले असलेलं टेबल झटक्याने पुढे जातं. तेवढ्या झटक्यात कटर जातो.

मशीनवर

आधी हवेत चालवा. झेडचं शून्य १५ मिमी वर घेऊन, स्पिंडल बंद ठेवून पूर्ण फाइल पळवा. नट क्लॅम्पवरून कसा जातो ते बाजूला वाकून बघा. फाइलच्या सुरुवातीला जी२१ आहे ना, तेही बघा. जी२० असेल तर मशीन प्रत्येक आकडा इंचात वाचतं आणि सगळं २५.४ पट होतं.

शून्य कागदाने घ्या. स्पिंडल बंद. छपाईचा साधा कागद ०.१ मिमी जाड असतो. तो कटरखाली सरकवत झेड ०.०५ ने खाली आणा, कागद अडला की तिथे झेड ०.१ लिहा. व्ही-बिट काढून एंडमिल लावल्यावर झेड पुन्हा घ्या. एक्स-वायला हात लावू नका.

डोळ्यांवर गॉगल. हातमोजे नाहीत, फिरता कटर हातमोज्यासकट बोट ओढतो. ओढणी, लांब बाह्या, गळ्यातली साखळी बाजूला. जीआरबीएलमध्ये उद्गारचिन्ह पाठवलं की मशीन थबकतं, तरंगचिन्ह पाठवलं की पुढे चालू लागतं. पण फीड थांबला तरी स्पिंडल फिरत राहतो. धोका दिसला तर हात जायला हवा तो आपत्कालीन लाल बटणावर. ते मशीनच्या पलीकडे नको, तुमच्या बाजूला हवं.

वंगण थोडंच. रॉकेल किंवा डब्ल्यूडी-४० चे दोन-चार थेंब, लांब नाकाच्या प्लास्टिक बाटलीने, अर्ध्या-एक मिनिटाने. वंगणाचं काम थंड करणं एवढंच नाही, अ‍ॅल्युमिनियम धारेला चिकटू न देणं हे खरं काम. फवारा मारून धुकं करू नका, बंद खोलीत ते पेटतं आणि छातीतही जातं. खिडकी उघडी ठेवा. चिप बाहेर काढायला व्हॅक्युमचं तोंड खाचेजवळ, किंवा हलकी हवा, तोंडाकडे उडणार नाही अशा दिशेने.

पहिल्या मिनिटात आवाज ऐका आणि चिप बघा. बरोबर चाललं असेल तर सलग, एकसुरी ‘सर्रर्र’ ऐकू येते. मशीन थांबवून पांढऱ्या कागदावर थोडी चिप घ्या: सुटे, वळलेले, चमकदार कण दिसले, बोटांना टोचले, तर आकडे जमले. करड्या पिठासारखी भुकटी दिसली तर कटर घासतो आहे, फीड वाढवा. चिप एकमेकींना चिकटून गोळा झाली असेल तर तिथेच थांबा. फ्लूटमध्ये चिकटलेला माल पितळी खिळ्याने काढा, वंगण वाढवा, आणि माल खरंच टी६ आहे का याचा पुन्हा विचार करा. किंचाळल्यासारखा आवाज म्हणजे थरथर. खोली कमी करा किंवा आरपीएम हजारभर खाली-वर करून बघा, एखाद्या वेगाला आवाज अचानक बसतो.

मधलं भोक झालं की जॉब सुटायच्या आधी मोजा. मोटर इथे लावून बघता येत नाही, तिचा दांडा एमडीएफला अडतो. व्हर्नियरने एक्सच्या दिशेत आणि वायच्या दिशेत मोजा. २२.०५ च्या खाली असेल तर तीच फिनिश फेरी, काहीही न बदलता, पुन्हा एकदा चालवा. लवलेला कटर दुसऱ्या फेरीत उरलेला माल काढतो. तरीही लहान राहिलं तर कॅममध्ये व्यास ०.१ ने वाढवा. बांधणी मोडली नाही तोवर हे सगळं दुरुस्त होतं. एकदा काढून परत बांधलेला जॉब जुन्या शून्यावर येत नाही.

मग स्क्रू, मग कड. कड निघाल्यावर आधी चिप साफ करा, मग स्क्रू सोडा. ठिपक्यांवर ३.४ मिमी ड्रिल टेबल ड्रिलवर मारा, प्लेट हाताने धरून नाही, व्हाइसमध्ये. भोकांच्या कडा काउंटरसिंक हाताने फिरवून मोडा. बाहेरच्या कडांना बारीक कानस. कानशीला आधी खडू घासला तर दात भरत नाहीत.

माप चुकलं तर

भोक लहान आणि बाहेरचं माप मोठं, दोन्हींत सारखाच फरक: कटर लवतो आहे किंवा त्याचा व्यास खरा ४.०० नाही. कॅममध्ये कटरचा व्यास मोजून भरा, फिनिश फेरी दोनदा चालवा. इथे लोक जीआरबीएलमधले स्टेप्स-पर-मिमी (१ मिमी सरकायला मोटरच्या किती स्टेप लागतात तो आकडा) बदलतात आणि पुढचा प्रत्येक जॉब बिघडवतात. ते आकडे प्लेट मोजून ठरवायचे नसतात, टेबल १०० मिमी सरकवून डायल आणि गेजने ठरवायचे असतात. फरक मापाच्या लांबीबरोबर वाढत असेल, ३१ वर थोडा आणि ६४ वर दुप्पट, तरच दोष स्टेप्सचा.

भोक अंडाकृती आणि लांबी एक्स किंवा वायच्या रेषेत: प्ले. लांबी तिरकी, ४५ अंशांवर: गॅन्ट्री काटकोनात नाही.

अर्ध्यातून सगळंच एका बाजूला सरकलं: मोटरने स्टेप सोडल्या. कटर कुठेतरी आदळला, किंवा जीआरबीएलमधलं अ‍ॅक्सिलरेशन जास्त आहे. ते निम्मं करून बघा.

भिंतीवर वरून खाली तिरपा उतार, खाली माल जास्त: कटर फार लांब काढला आहे किंवा बोथट झाला आहे. धारेवर नख हलकेच टेकवा. चांगली धार नख खरवडते, बोथट धार नुसती घसरते.

काम झाल्यावर

समुद्राची खारी हवा आणि पावसाळा मिळून उघडं लोखंड दोन दिवसांत तांबूस करतात. व्हाइस, रॉड, बॉलस्क्रू यांवर तेलाचा पातळ हात फिरवा. कोलेट आतून पुसून, तेल लावून, झाकणाच्या डबीत सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवा. कोलेटच्या आत गंजाचा एक ठिपका आला तरी कटर डगमगायला लागतो.

खोलीत वेगळी चप्पल ठेवा. अ‍ॅल्युमिनियमची चिप तळव्याला चिकटून घरभर फिरते आणि लहान मुलांच्या पायात जाते. हात ब्रशने झटका, फडक्याने पुसू नका. मशीनखाली जाड रबरी मॅट टाका. खालच्या मजल्यावर पोहोचतो तो स्पिंडलचा आवाज कमी आणि टेबलाची थरथर जास्त. अर्ध्या-पाऊण तासाच्या फाइली दुपारच्या झोपेच्या वेळी आणि रात्री लावू नका. चिप अ‍ॅल्युमिनियमची वेगळी, पितळेची वेगळी साठवा. मिसळलेल्या मालाला भंगारवाला भाव देत नाही.

दुसरी प्लेट लगेच त्याच मालातून काढा आणि एकच गोष्ट बदला: खोली ०.३ ऐवजी ०.४. बाकी सगळं तेच. आवाज आणि चिप तशीच राहिली तर तिसऱ्या प्लेटला ०.५. मशीन कुठे कण्हतं तो आकडा कटरच्या डबीवर लिहून ठेवा आणि रोजच्या कामाला त्याच्या दोन तृतीयांशावर चालवा. फ्री-कटिंग पितळ त्यानंतर घ्या. लोखंडी पट्टी या जातीच्या मशीनवर सध्या नको.